फसवणुकीपासून ग्राहकसंरक्षण : बाजार व शासन

वस्तू किंवा सेवा विकत घेणाऱ्या व्यक्तीची वजन, माप, दर्जा, किंमत अथवा कराराच्या अटी यांबाबत विक्रेत्याकडून फसवणूक होऊ नये आणि झाल्यास तिचे निवारण व्हावे, यासाठी योजलेल्या उपायांस ‘ग्राहकसंरक्षण’ असे म्हणतात. हे कार्य खुल्या बाजारातील स्पर्धेने अधिक चांगले साधते, की शासनाचे कायदे व यंत्रणा यांच्यामुळे, हा अर्थशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. केवळ वस्तूंचा खरेदीदारच नव्हे, तर व्याजाने पैसे घेणारा ऋणको आणि बँकेत रक्कम ठेवणारा ठेवीदार हेही व्यापक अर्थाने ग्राहकच होत.

महाराष्ट्रात या वादाचा विचार करण्यास अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर जिल्हा) इतिहास विशेष उपयोगी पडतो. सावकारी कर्जव्यवहारातील फसवणुकीमुळे १८७५ मध्ये उसळलेले दंगे, त्यांतून निर्माण झालेला १८७९ चा कायदा, विसाव्या शतकातील सहकारी चळवळ व नियंत्रित बाजारपेठा आणि एकविसाव्या शतकातील सहकारी बँकेचे अपयश अशी एक सलग मालिका या जिल्ह्यात आढळते. बाजार व शासन या दोहोंचे सामर्थ्य आणि दोहोंचे दौर्बल्य तीत स्पष्ट दिसते. व्यवहार होत असताना दुर्बल पक्षाला त्याचा खरेखोटेपणा पडताळता येतो काय आणि फसवणूक झाल्यास त्याला जवळच्या ठिकाणी, अल्प खर्चात व वेळेवर दाद मिळते काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर संरक्षणाचे यश मुख्यतः अवलंबून असते, असे या इतिहासावरून म्हणता येते.

फसवणुकीचे स्वरूप : फसवणुकीचे मूळ विक्रेता व ग्राहक यांच्या माहितीतील विषमतेत असते. या दृष्टीने अर्थशास्त्रज्ञ वस्तूंच्या गुणांचे तीन वर्ग करतात. काही गुण खरेदीपूर्वीच पाहून कळतात, उदा., भाजीचा ताजेपणा. काही वापरल्यानंतर कळतात; उदा., बियाण्याची उगवणशक्ती. काही मात्र वापरानंतरही सामान्य ग्राहकास कळत नाहीत, उदा., औषधातील घटकांचे प्रमाण किंवा सोन्याचा कस. पहिल्या प्रकारात ग्राहक स्वतःचे रक्षण बहुधा स्वतः करू शकतो. दुसऱ्या प्रकारात एकदा फसलेला ग्राहक पुन्हा त्या दुकानी जात नाही आणि विक्रेत्याला आपल्या नावलौकिकाची काळजी घ्यावी लागते. तिसऱ्या प्रकारात मात्र फसवणूक झाल्याचेच कळत नसल्याने नावलौकिकाचा धाकही उरत नाही.

अहमदनगर जिल्ह्यातील एक प्रमुख जोडधंदा असलेल्या दुग्धव्यवसायातील उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. दुधात पाणी मिसळले म्हणजे त्याची घनता कमी होते व ते दुग्धमापकावर (लॅक्टोमीटरवर) दिसून येते. उलट, दुधावरील साय काढून घेतली म्हणजे घनता वाढते. म्हणून साय काढून त्यात बेताचे पाणी घातल्यास दुग्धमापकावरील आकडा शुद्ध दुधासारखाच दिसतो. ही लबाडी उघडकीस आणण्यासाठी स्निग्धांशाची स्वतंत्र चाचणी करावी लागते. स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवरून दुधाचा भाव ठरू लागल्यावर घनपदार्थांचे प्रमाण कृत्रिम रीत्या वाढविण्यासाठी युरियासारख्या पदार्थांची भेसळ होऊ लागली व तिच्यासाठी आणखी वेगळ्या चाचण्या आवश्यक ठरल्या. प्रत्येक नव्या कसोटीबरोबर फसवणुकीचा प्रकारही बदलतो. घरगुती ग्राहकास या सर्व चाचण्या करणे शक्य नसते. त्याला कोणत्या तरी त्रयस्थ परीक्षकावर विसंबावे लागते. हा परीक्षक कोण असावा आणि त्याच्यावर कोणाचा अंकुश असावा, हा या वादातील मुख्य प्रश्न होय.

दोन विचारप्रवाह : खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांच्या मते, ग्राहकाला अनेक विक्रेत्यांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य असणे हेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण होय. लबाड विक्रेत्याचे गिऱ्हाईक तुटते, प्रामाणिकाचे वाढते. व्यापारचिन्हे, हमीपत्रे, माल परत घेण्याची सवलत, खासगी प्रमाणपत्रे ही सर्व साधने स्पर्धेतूनच निर्माण होतात. मिल्टन व रोझ फ्रीडमन या अमेरिकन दांपत्याने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही भूमिका विस्ताराने मांडली. जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले, की नियंत्रणासाठी स्थापन झालेल्या शासकीय यंत्रणा बहुधा नियंत्रित उद्योगांच्याच हाती जातात व नव्या स्पर्धकांना रोखण्याचे साधन बनतात.

याउलट, जॉर्ज ॲकरलॉफ याने १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले, की ग्राहकास चांगला व वाईट माल ओळखता येत नसेल, तर तो दोहोंसाठी सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या मालाच्या विक्रेत्यास ती परवडत नाही व तो बाजारातून निघून जातो. अशा रीतीने लबाडी केवळ ग्राहकाचेच नव्हे, तर प्रामाणिक व्यापाऱ्याचेही नुकसान करते आणि शेवटी बाजारच मोडकळीस आणते. म्हणून प्रमाणित वजनमापे, दर्जाचे निकष, तपासणी व शिक्षा यांची व्यवस्था शासनाने करावी, असे या पक्षाचे म्हणणे आहे. शासकीय नियंत्रणाची कल्पना भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा ‘पौतवाध्यक्ष’ हा अधिकारी सांगितला असून दर चार महिन्यांनी वजनमापांवर मुद्रा करून घेण्याची तरतूद आहे. व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेच्या रक्षणाचे एक स्वतंत्र प्रकरणच त्या ग्रंथात आढळते. देशी मालावर पाच व परदेशी मालावर दहा टक्के नफ्याची मर्यादाही त्यात घातली आहे.

कर्जव्यवहार व १८७५ चे दंगे : अहमदनगर प्रदेश १८१७–१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आला. तत्पूर्वी सावकाराला आपल्या कर्जाच्या वसुलीसाठी बव्हंशी गावातील पंच, पाटील व लोकमत यांवर अवलंबून राहावे लागे. रयतवारी पद्धतीमुळे जमिनीवर रयतेचा वैयक्तिक व हस्तांतरणीय हक्क प्रस्थापित झाला आणि दिवाणी न्यायालयांमुळे हुकूमनामा मिळवून जमीन जप्त करण्याचा मार्ग सावकारास मोकळा झाला. करार दोन्ही पक्षांनी स्वखुशीने केलेला असतो व त्याची अंमलबजावणी करणे एवढेच न्यायालयाचे काम, हे तत्त्व या व्यवस्थेच्या मुळाशी होते.

प्रत्यक्षात हा करार दोन असमान पक्षांमध्ये होत असे. ऋणको बहुधा निरक्षर होता; कर्जरोख्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. दिलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम रोख्यात दाखविणे, फेडीची पावती न देणे, धान्यरूपाने केलेली फेड कमी भावाने जमा धरणे हे प्रकार रूढ झाले होते. कर्जवसुलीच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घालणारा १८५९ चा कायदा ऋणकोच्या हिताचा म्हणून करण्यात आला; परंतु त्याचा परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार जुने मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई आणि त्या संपूर्ण रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई. दावा दाखल झाल्यावर ऋणको तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालयात क्वचितच हजर राही. त्यामुळे पुष्कळ दाव्यांचे निकाल एकतर्फी होत.

स्पर्धेचे संरक्षणही त्याला उपलब्ध नव्हते. जुने खाते मिटल्याशिवाय दुसरा सावकार सहसा कर्ज देत नसे आणि जुने खाते कधी मिटत नसे. त्यामुळे गावात एकापेक्षा अधिक सावकार असले, तरी प्रत्येक ऋणकोच्या दृष्टीने सावकार एकच असे. सर्वच सावकार लबाड होते असे नव्हे. पेरणी, बैलांची खरेदी व साऱ्याचा भरणा यांसाठी लागणारा पैसा तेच पुरवीत. पण प्रामाणिक व अप्रामाणिक सावकार यांतील फरक न्यायालयास समजण्याची सोय नव्हती, कारण दोघांच्याही हातातील रोखा सारखाच वैध ठरे.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व पतपुरवठा सैल झाला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, सावकारांनी पत आखडती घेतली आणि त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील काही तालुक्यांत फेरपाहणीनंतर शेतसारा वाढविण्यात आला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांवर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी दंगा झाला व तेथून त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीसहून अधिक गावे दंगाग्रस्त झाली आणि ९५१ जणांना अटक करण्यात आली. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या वह्या, रोखे व हुकूमनामे यांवर होता; ती कागदपत्रे मागून घेऊन जाळण्यात आली. जेथे ती निमूटपणे स्वाधीन केली गेली, तेथे सहसा हिंसा झाली नाही. ज्या कागदाची सत्यता पडताळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नव्हता, तो कागदच नष्ट करणे हा या उठावाचा मुख्य हेतू होता.

या घटनेचा बाजार व शासन यांच्या वादाशी असलेला संबंध महत्त्वाचा आहे. दंगे केवळ अनियंत्रित बाजारामुळे झाले, असे म्हणता येत नाही. कारण सावकाराच्या हाती जे शस्त्र होते, ते शासनाच्या न्यायालयाने दिलेले होते. तसेच ते केवळ शासनामुळे झाले, असेही म्हणता येत नाही. कारण लबाडीचा उगम खासगी व्यवहारातच होता. शासनाने कराराची सक्तीने अंमलबजावणी केली, पण करार खरा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी घेतली नाही, हे त्या आपत्तीचे मर्म होय. महात्मा जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्यांच्या नागवणुकीचा संबंध त्यांच्या अविद्येशी जोडला होता, तोही याच संदर्भात लक्षणीय आहे.

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा : दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी हा कायदा करण्यात आला. रोख्यावरील आकड्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासण्याचा आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. कर्जाच्या हुकूमनाम्यावरून शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची पद्धत बंद झाली. स्पष्टपणे गहाण न दिलेल्या जमिनीच्या जप्तीस मनाई झाली आणि हप्त्यांनी फेड करण्याची सवलत देण्यात आली.

फसवणूक घडण्यापूर्वीच तिला आळा घालणाऱ्या तरतुदी विशेष उल्लेखनीय होत्या. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, फेडीची पावती द्यावी, मागणी केल्यास हिशेबाचा वार्षिक उतारा व खातेपुस्तिका द्यावी, असे बंधन घालण्यात आले. किरकोळ दाव्यांसाठी गावमुन्सफ व तडजोडीसाठी समेटकर्ते यांची योजना करण्यात आली. पडताळणी आणि जवळची दाद ही दोन्ही तत्त्वे या कायद्यात एकत्र आली होती.

कायद्याचे परिणाम मात्र मिश्र झाले. वसुलीची शाश्वती कमी झाल्याने सावकार कर्ज देण्यास कचरू लागले. काहींनी गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊन, कर्ज फिटल्यावर जमीन परत करण्याचे केवळ तोंडी वचन देण्याची पळवाट काढली. व्यावसायिक सावकारांच्या जोडीला सधन शेतकरीही सावकारी करू लागले. कर्जाची गरज कायम असताना केवळ फसवणुकीवर बंदी घातल्याने कर्जाचा दुसरा, प्रामाणिक स्रोत आपोआप निर्माण होत नाही, हा धडा यातून मिळाला. सावकारीचा प्रश्न नंतरही संपला नाही. मुंबई सावकारी अधिनियम (१९४६) व त्याची जागा घेणारा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम (२०१४) यांनी परवाना, हिशेब व पावती यांची सक्ती केली; सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता चौकशीअंती परत देवविण्याचा अधिकार २०१४ च्या अधिनियमाने जिल्हा निबंधकास दिला.

सहकाराचा मार्ग : ग्राहकांनी स्वतःच संस्थेचे मालक व्हावे, म्हणजे विक्रेता व ग्राहक यांच्या हितांत विरोध उरणार नाही, ही सहकाराची मूळ कल्पना बाजार व शासन यांखेरीज तिसरा मार्ग सुचविते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमानंतर हा मार्ग भारतात खुला झाला. अहमदनगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये सहकारी पतपेढी सुरू केली. पुढे त्यांच्याच पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभारलेल्या प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्यात १९५० मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. ऊस विकणारा व ऊस विकत घेणारा एकच झाल्यास वजन व भाव यांतील फसवणुकीचे कारण नाहीसे होईल, ही अपेक्षा त्यामागे होती.

कर्जपुरवठ्यात सहकाराची वाढ मंद होती. रिझर्व्ह बँकेने करविलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीनुसार १९५१–५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३·१ टक्के होता, तर व्यावसायिक व शेतकरी सावकार मिळून सु. ७० टक्के कर्ज पुरवीत होते. या पाहणीच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ हे एक सदस्य होते. तिच्या शिफारशींनंतर शासनाने सहकारी संस्थांच्या भागभांडवलात सहभागी होण्याचे धोरण स्वीकारले. यातून सहकाराचा विस्तार झाला, परंतु संस्थांचे शासनावरील अवलंबित्व आणि त्यांच्या निवडणुकांतील राजकीय चुरस हीही वाढली.

वजनमापे व बाजार समित्या : स्वातंत्र्यपूर्व काळात शेर, पायली, मण यांची प्रमाणे गावोगावी भिन्न असत. एका पेठेतील मणाने घेऊन दुसऱ्या पेठेतील मणाने विकणाऱ्या व्यापाऱ्याचा त्यात फायदा होई. १९५६ च्या अधिनियमाने दशमान पद्धतीची प्रमाणित वजनमापे विहित केली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. वेष्टित मालावर निव्वळ वजन, किंमत व उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती १९७७ च्या नियमांनी केली. २००९ च्या वैधमापन अधिनियमाने या तरतुदी एकत्रित केल्या. प्रत्येक व्यवहारात शासकीय अधिकारी उपस्थित न राहताही लाखो ग्राहकांना स्वतः पडताळणी करता येते, हे या सुधारणेचे वैशिष्ट्य होय. स्पर्धा परिणामकारक होण्यासाठीही अशी समान मापे आवश्यक असतात. दोन दुकानांतील किलो सारखा असेल, तरच त्यांच्या भावांची तुलना करता येते.

शेतमालाच्या घाऊक पेठांत पूर्वी रुमालाखाली बोटे धरून गुप्तपणे भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत प्रचलित होती. मालाचा धनी समोर असूनही त्याला सौदा कळत नसे. १९३९ च्या मुंबई अधिनियमाने व नंतर १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने उघड लिलाव, परवानाधारक तोलार व त्वरित चुकारा ही तत्त्वे बाजार समित्यांना लागू केली. अहमदनगर जिल्ह्यातील नगर, राहुरी, संगमनेर, कोपरगाव इ. ठिकाणच्या बाजार समित्या कांदा, धान्ये व इतर शेतमालाच्या व्यवहारासाठी महत्त्वाच्या आहेत. उघड लिलावामुळे गुप्त सौद्याची फसवणूक घटली. परंतु समितीच्या आवाराबाहेर विक्रीस बंदी व मर्यादित परवाने यांमुळे प्रस्थापित आडत्यांना स्पर्धेपासून संरक्षण मिळाले. स्टिग्लरने वर्णिलेला धोका येथे काही अंशी प्रत्ययास येतो. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला नियंत्रणमुक्त केला आणि त्यांवरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले.

दर्जानियंत्रण व ग्राहक कायदे : शेतमालाच्या प्रतवारीसाठी १९३७ च्या अधिनियमानुसार दिले जाणारे ‘ॲगमार्क’ चिन्ह आणि भारतीय मानक संस्थेचे (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणचिन्ह ही बाजार व शासन यांच्या सहकार्याची उदाहरणे होत. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ही चिन्हे ऐच्छिक असतात. चिन्ह घेणाऱ्यास बाजारात लाभ होतो, पण चिन्हाची विश्वासार्हता शासन राखते. सोन्याच्या दागिन्यांवरील शुद्धतेचे प्रमाणचिन्ह २००० मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाले व २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. दागिन्यावरील सहा अंकाक्षरी ओळखक्रमांकावरून आता ग्राहकास स्वतः त्याची खातरजमा करता येते. अन्नभेसळीस आळा घालणारा १९५४ चा अधिनियम रद्द होऊन त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २०११ मध्ये अंमलात आला.

ग्राहकांच्या स्वयंसेवी संघटनांनी या कायद्यांसाठी लोकमत तयार केले. मुंबईत १९६६ मध्ये कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. मुंबई ग्राहक पंचायतीने सभासदांसाठी सामुदायिक खरेदीची पद्धत रुजविली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये ग्राहकसंरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली व पुढील वर्षी भारतात ग्राहकसंरक्षण अधिनियम झाला. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर साध्या कार्यपद्धतीची न्यायव्यवस्था त्याने निर्माण केली. वकिलाची आवश्यकता नसावी व तीन महिन्यांत निकाल लागावा, अशी अपेक्षा होती. २०१९ च्या नव्या अधिनियमाने ग्राहकास आपल्या निवासाच्या वा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. अकोल्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील ग्राहकास दूरच्या शहरातील कंपनीविरुद्ध आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येणे, हे १८७५ पूर्वीच्या परिस्थितीशी ताडून पाहता महत्त्वाचे पाऊल ठरते. मात्र अनेक तक्रारींचे निकाल विहित मुदतीत लागत नाहीत, ही या व्यवस्थेची मोठी उणीव आहे.

निकृष्ट बियाण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेला निर्णय कृषिप्रधान जिल्ह्यांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक असून बियाणेविषयक स्वतंत्र कायदा असला, तरी त्यास ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असे न्यायालयाने ठरविले. शेतकरी सर्व बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवत नाही. म्हणून नमुना दिला नाही या कारणास्तव त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, असेही स्पष्ट करण्यात आले. पुराव्याचा भार दुर्बल पक्षाच्या प्रत्यक्ष परिस्थितीकडे पाहून ठरवावा, हे १८७९ च्या कायद्यातील सूत्रच येथे पुन्हा दिसते.

ठेवीदारांचे संरक्षण : कर्जव्यवहारात ऋणको फसतो, तसा ठेवींच्या व्यवहारात धनको फसू शकतो. बँकेने दिलेली कर्जे सुरक्षित आहेत की नाहीत हे सामान्य ठेवीदारास कळत नाही. अधिक व्याजदर हे अधिक जोखमीचे लक्षण असू शकते, हेही त्याच्या ध्यानात येत नाही. सहकारी बँका १९६६ पासून रिझर्व्ह बँकेच्या व राज्याच्या सहकार खात्याच्या दुहेरी नियंत्रणाखाली होत्या. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले.

१९१० मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर येथील नगर अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले व ठेवीदारास १०,००० रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई केली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नसल्याच्या कारणावरून बँकेचा परवाना रद्द झाला. शतकाहून अधिक काळाचा नावलौकिक आणि शासकीय पर्यवेक्षण ही दोन्ही संरक्षणे असतानाही हे घडले. ठेवीदारांना प्रत्यक्ष आधार मिळाला तो ठेवविम्याचा. १९६२ मध्ये १,५०० रुपयांपासून सुरू झालेली या विम्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख व फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख रुपये करण्यात आली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागू झाल्यापासून सामान्यतः नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद केली.

सहकारी पतसंस्थांच्या ठेवींना हे विमासंरक्षण लागू नाही. बँक व पतसंस्था यांतील हा फरक अनेक ठेवीदारांना ठाऊक नसतो. बुडालेल्या वित्तीय आस्थापनांची मालमत्ता जप्त करून ठेवी परत करण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम आहे. तथापि मालमत्तेचा शोध, जप्ती व लिलाव यांत दीर्घकाळ जातो आणि निवृत्तांची वा लग्नकार्यासाठी साठविलेली रक्कम गरजेच्या वेळी हाती येत नाही.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. ग्राहकास गुण ओळखता येतात व विक्रेता बदलणे सोपे असते, अशा व्यवहारांत स्पर्धा हे स्वस्त व परिणामकारक संरक्षण ठरते. तेथे परवान्यांची वाढ केल्यास प्रस्थापितांचाच लाभ होतो. गुण ओळखणे अशक्य असते किंवा जुने खाते, कर्ज वा अंतर यांमुळे ग्राहक एकाच विक्रेत्याशी जखडलेला असतो, अशा व्यवहारांत स्पर्धा नाममात्र उरते व शासनाचा हस्तक्षेप अपरिहार्य होतो. सहकारी संस्था हा उत्तम पर्याय असला, तरी सभासदाला हिशेब कळत नसेल, तर मालकी केवळ कागदावर राहते आणि जुन्या सावकाराच्या जागी नवे संचालक मंडळ येते, एवढाच फरक पडतो.

शासकीय उपायांतही भेद केला पाहिजे. प्रमाणित माप, वाचता येणारे वेष्टन, पावती, खातेपुस्तिका, उघड लिलाव व विमा हे उपाय ग्राहकाच्या हाती साधन देतात. निरीक्षकाची भेट, परवाना व खटला हे उपाय त्याच्या वतीने दुसऱ्यास कृती करावयास लावतात. पहिल्या प्रकारचे उपाय सामान्यतः अधिक टिकाऊ ठरले आहेत, कारण त्यांचे यश अधिकाऱ्याच्या सचोटीवर कमी अवलंबून असते. दुसऱ्या प्रकारचे उपायही टाळता येत नाहीत. पण त्यांच्यावर लोकांचा अंकुश लागतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथील अण्णा हजारे यांनी ज्यासाठी आंदोलने केली, तो माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ च्या व देशभर २००५ च्या अधिनियमाने मिळाला, हे या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १८७५ मध्ये याच तालुक्यातील रयतेला आपल्या खात्याचा कागद वाचता येत नव्हता आणि तो तपासून देणारेही कोणी नव्हते. कागद पाहण्याचा, समजून घेण्याचा व त्यास आव्हान देण्याचा अधिकार जेथे व्यवहारात उतरतो, तेथेच बाजाराची स्पर्धा व शासनाचा कायदा ही दोन्ही ग्राहकाच्या उपयोगी पडतात.